वरच्या खोलीतली रंगीत तालीम

१० एप्रिल

डायरी लिहिणं माझ्या स्वभावात नाही. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगवह्या लिहिल्या, तेवढंच. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. आता पुन्हा एक प्रयोग करायचा आहे, म्हणून ही वही काढली.

उद्देश: मिरी घराबाहेर एकटी राहू शकते का, हे पाहणे.

मिरी ही माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. जन्मली तेव्हा मिऱ्याएवढी होती म्हणून मिरी. तिखटपणा नंतर आला. भाऊ जहाजावर, इंजिनरूममध्ये. भावजय गेली तेव्हा पोरीला धड बोलताही येत नव्हतं. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मी लग्न केलं नाही, ड्रायव्हिंग स्कूल काढलं. दोन्हींत डोकेदुखी सारखीच, असं लोक म्हणतात. मला तुलना करता येत नाही.

आज दुपारी ती ऑफिसात धावत आली. मी एका शिकाऊला वळणाचे नियम सांगत होते.

"आत्या, जागा मिळाली!"

"कुठे?"

"भूगर्भशास्त्राला. तिकडे!"

तिकडे म्हणजे रात्रभर रेल्वे आणि पुढे आणखी बस. इथल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र नाही. रसायनशास्त्र आहे, आणि ते पुलापलीकडे आहे. माझ्या बाल्कनीतून त्या कॉलेजची पाण्याची टाकी दिसते. रसायनशास्त्र काही वाईट नाही.

मी लगेच हो म्हटलं नाही. जी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षीही डबा विसरून जाते, तिला असं कसं पाठवायचं? जागा पक्की करायला महिनाभर मुदत आहे. मी अट घातली. ऑफिसच्या वर एक खोली आहे. तिथे महिनाभर एकटीने राहायचं. स्वयंपाक, कपडे, उठणं, झोपणं, आजारपण, सगळं स्वतः. जमलं तर तिकडे, नाही जमलं तर पुलापलीकडे.

"आणि जमलं की नाही, हे ठरवणार कोण?"

"मी."

"म्हणजे पेपर काढणार तू, तपासणार तू?"

"पर्यवेक्षकही मीच."

"आत्या, तू म्हणजे ना!" असं म्हणून गळ्यात पडली. घामाघूम झाली होती. आधी अंघोळ करायला पाठवलं.

१३ एप्रिल

आज ती वर राहायला गेली. साहित्य: एक शेगडी, दोन पातेली, गादी, बादली, गजराचं घड्याळ. तिने आणलेलं सामान: एक पिशवी कपडे, दोन पिशव्या दगड.

"हे खाणार आहेस का?"

"नाही. तू चिडलीस की उशाला घेईन."

घर मागच्याच गल्लीत आहे, तेव्हा लांब गेली असं काही म्हणता येणार नाही. संध्याकाळी काडेपेटी आणायला बाहेर पडले आणि सहज ऑफिसच्या रस्त्याने गेले. वरच्या खोलीत दिवा होता. गाण्याचा आवाज येत होता. बेसूर, पण आवाज होता. घरी आल्यावर कपाटात आणखी दोन काडेपेट्या सापडल्या.

१७ एप्रिल

निरीक्षणं.

उठणे. सहाला उठायचं ठरलं आहे. सहाच्या जरा आधी मी फोन करते, गजर नीट लावलाय ना हे विचारायला. रोज झोपेतच असते. स्वतःहून उठल्याचं एकदाही दिसलं नाही.

बाजारहाट. ब्रेड, अंडी, दूध तिने आणायचं. बेकरी माझ्या सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर आहे, म्हणून मीच ब्रेड घेते आणि तिच्या दाराशी ठेवते. बेकरीवाला म्हणाला, "ताई, तुमची भाची अजून एकदाही आली नाही." लिहून ठेवलं.

ऑफिसकामे. तिकडच्या हॉस्टेलला फोन करून खोलीची चौकशी करायला सांगितलं होतं. मी तिथल्या क्लार्कला आधीच फोन करून ठेवला, की पोरगी नवखी आहे, जरा सांभाळून घ्या. तो तिच्याशी फारच गोड बोलला. ती खूश. म्हणाली, "किती चांगली माणसं आहेत तिकडे!" जग असं नसतं, हे तिला कोण सांगणार? व्यवहार शून्य.

कपडे. यात मात्र तिने खरोखर दिवे लावले. लाल ओढणीबरोबर पांढरे शर्ट भिजवले. मी त्या वेळी शिकवणीला बाहेर होते, नाहीतर झालं नसतं. दोन्ही शर्ट गुलाबी. वाटलं, रडेल.

"छान रंग आलाय ना? मुद्दाम करायला गेले असते तर जमला नसता."

तोच शर्ट घालून समोर उभी राहिली. बरी दिसत होती. तिला तसं सांगितलं नाही.

२१ एप्रिल

मिरीची गाडीची शिकवणीही सुरू आहे. बाकीच्यांसारखंच शिकवते, सवलत नाही. "आत्या" म्हटलं की इंजिन बंद करते. गाडीत मी मॅडम.

गाडी म्हणजे स्कूलची गाडी. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गांगरतो, डावं-उजवं विसरतो. त्याच्या लक्षात यायच्या आत मी माझ्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबते. त्याला वाटतं आपणच थांबलो, आणि आत्मविश्वास वाढतो. ही माझी पद्धत. इतक्या वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही. बाकीच्या स्कूलवाल्यांच्या गाड्या पाहा, ठोकलेल्या पत्र्याच्या डब्यासारख्या.

शिकवणीनंतर तिला गाडी आतून पुसायला सांगितली. तेही शिक्षणच. थोड्या वेळाने डोकं बाहेर काढून म्हणाली, "मॅडम, तुमच्या बाजूच्या ब्रेकचं रबर घासून पार गुळगुळीत झालंय. आमच्या बाजूचं अजून नवंकोरं आहे."

बरं झालं सांगितलं. घसरला असता पाय. माझ्या बाजूला नवीन रबर बसवून घेतलं.

२५ एप्रिल

शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्या कॉलेजातल्या. त्यांनी मिरीच्या वर्गाला दोन शब्द सांगायला बोलावलं. "पोरं कॉलेजला निघाली आहेत, तू जरा दम दे. आमचं कोणी ऐकत नाही."

मी भाषण लिहून नेत नाही. उभी राहिले आणि सांगितलं. पहिल्या आठवड्यात कोणालाही जिवलग ठरवू नका, माणूस कळायला परीक्षा जवळ यावी लागते. वर्गात पुढे बसा. न समजलेलं त्याच दिवशी विचारा, महिन्याने विचारायला तोंड राहत नाही. आजारी पडायच्या आधी दवाखाना कुठे आहे ते बघून ठेवा. इथे पहिले येत होतात ते तिकडे विसावे येऊ शकता. त्यात मरण्यासारखं काही नाही, तिथे सगळे आपापल्या शाळेतले पहिलेच आलेले असतात. विषय आवडत नाही असं वाटलं तर निदान सहामाहीपर्यंत थांबा. पुष्कळदा न आवडणारी गोष्ट विषय नसतो, हॉस्टेलचं जेवण असतं.

पोरं हसली. मग एका उंच मुलाने विचारलं, "मॅडम, एकटं वाटलं तर?"

"चालायला जा."

"तरी वाटलं तर?"

"आणखी चाला."

"म्हणजे चालत घरीच की!" कोणीतरी मागून ओरडलं. वर्ग उसळला. मी टेबलावर डस्टर आपटला.

मग मिरीने हात वर केला. गुलाबी शर्ट. "मॅडम, जे घरी मागे राहतात, त्यांनी काय तयारी करावी?"

काय प्रश्न! मी म्हटलं, "त्यांना तयारी कसली? ते घरीच असतात."

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापिकांनी घाईघाईने आभार मानले. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाल्या, "एखाद्या संध्याकाळी माझ्याकडे येत जा ना." मला कुठे वेळ असतो संध्याकाळी? तसं सांगितलं.

२९ एप्रिल

सकाळी फोनवर मिरीचा आवाज बसलेला वाटला. मी शिकवणी रद्द केली. समोरच्या इमारतीत एक दाताची डॉक्टर आहे, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला हाताला धरून वर नेलं.

"मॅडम, मी दात बघते हो. बाकीचं मला विसरायला झालंय."

"डॉक्टर आहेस ना? मग बघ."

माझ्याकडे किल्ली आहेच, दार उघडून आत गेलो. मिरी पांघरुणात. ताप होता. डॉक्टरने तिचा घसा पाहिला, आणि सवयीने दातही. "दाढ एक किडायला लागलीय," म्हणाली.

टेबलावर थर्मामीटर, गोळ्या, पाण्याची बाटली, आणि झाकून ठेवलेला मऊ भात. कुठून आलं हे सगळं? तर बाईसाहेब काल संध्याकाळीच दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. एकट्या. मला न सांगता!

"तू घाबरली असतीस," म्हणे.

डॉक्टर माझ्याकडे पाहून उगीचच हसत होती.

निरीक्षण: आजारपणात घरच्यांना कळवत नाही. बाब गंभीर. दिवसभर तिथेच बसले. झोपेत तिने माझा पदर मुठीत धरला होता, त्यामुळे उठताही येईना.

६ मे

निकाल. महिना पुरा व्हायला आठवडा आहे, पण वहीत पुरेसं जमलं.

तिला खाली ऑफिसात बोलावलं, टेबलाच्या पलीकडे बसवलं. निरीक्षणं वाचून दाखवली. उठत नाही. बाजारात जात नाही. कपड्यांची समज नाही. व्यवहार कळत नाही. आजार लपवते. निष्कर्ष: अजून तयारी नाही. रसायनशास्त्र घ्यावं.

ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त शांत.

"झालं वाचून?"

"झालं."

"गजर वाजायच्या आधी फोन कोण करतं, आत्या?"

"मी फक्त विचारायला करते."

"ब्रेड दारात कोण ठेवतं? मी बेकरीत गेले तर बेकरीवाला म्हणेल, आत्ताच ताई घेऊन गेल्या. मग रोज तोच ब्रेड दोनदा खाऊ? आणि त्या क्लार्कला तू फोन केलेला, हे मला त्यानेच सांगितलं. 'तुमच्या आत्याबाई फार काळजी करतात हो,' म्हणाला. काय वाटलं असेल मला?"

"काळजी करणं गुन्हा आहे?"

"मी परीक्षेला बसलेच नाही, आत्या. माझ्या जागी तू बसलीस. पास पण झालीस. अभिनंदन!"

मी आवाज चढवला. काय बोलले ते लिहीत नाही. "घरातून पाय काढायची फार घाई झालीय तुला," असं काहीतरी.

त्यावर ती उठली. डोळे भरले होते, पण आवाज चढवला नाही. "ठीक आहे. पुलापलीकडे जाते. तुझी निरीक्षणं बरोबर आहेत म्हणून नाही. तुला हवंय म्हणून."

मला हवंय म्हणजे काय? मला काय हवं असणार? मी जे पाहिलं ते लिहिलं. यात माझ्या इच्छेचा संबंध कुठे येतो?

७ मे

ब्रेड दाराशी ठेवला. संध्याकाळी तिथेच होता.

१० मे

मिरीची लायसन्सची परीक्षा. भांडण असो की काही असो, परीक्षेची तारीख चुकवायची नाही.

परीक्षेत इन्स्पेक्टर माझ्या जागेवर बसतो. शिकवणाऱ्याला हवं तर मागे बसता येतं. हे इन्स्पेक्टर म्हणजे पायाची घडी घालून, हाताची घडी घालून बसणारे. पेडलला हातभार लावणार नाहीत, की पायभारही नाही. मी इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याबरोबर मागे बसले नाही, बाहेर बाकावर थांबते. आज बसले. का, ते विचारू नये.

बाजाराच्या चौकाशी आलो आणि भाजीचा एक टेम्पो न बघता मागे यायला लागला. माझा पाय आपोआप गेला, सगळी ताकद लावून. मागे पेडल नसतं.

गाडी थांबली. धक्का नाही, किंचाळी नाही. पाण्यात नाव थांबावी तशी.

"मॅडम," इन्स्पेक्टर मागे न बघता म्हणाले, "पाय आवरा. माझ्या पाठीत बसतोय."

पास. उतरताना त्यांनी विचारलं, "ब्रेक फार छान मारते ही. कोणी शिकवलं?"

"मी," म्हटलं.

मिरी खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खोटं ऐकलं की लहानपणापासून तसंच होतं तिचं. पण खोटं काय होतं त्यात?

११ मे

दाताची डॉक्टर अभिनंदन करायला ऑफिसात आली. "शेवटी माझी गाडी कामी आली तर!"

"तुझी गाडी?"

तिचा चेहरा एकदम पडला. विद्यार्थिनी होती तेव्हा सिग्नल तोडल्यावर पडायचा तसाच. "मिरीने सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही? बस. खुर्चीवर बस आणि नीट सांग."

"मॅडम, रागावणार नसाल तर."

"ते ऐकल्यावर ठरवू."

तर असं आहे. माझ्याकडे शिकलेला प्रत्येक जण शेवटी दोनेक संध्याकाळी कोणाच्या तरी साध्या गाडीत बसून बाजारामागच्या मैदानात जातो. तिथे तो थांबायला शिकतो. हे गावभर सगळ्यांना माहीत आहे. त्याला म्हणे "ब्रेकचा क्लास" म्हणतात. ही स्वतः नवऱ्याबरोबर गेली होती. मिरी हिच्या गाडीत गेली.

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आणि एकाही माणसाला मला सांगावंसं वाटलं नाही?"

"कधी सांगणार? तुमच्या गाडीत तोंड उघडलं की तुम्ही इंजिन बंद करता." मग जरा धीर करून म्हणाली, "बाकी सगळं तुमचंच आहे हो, मॅडम. आरसा कसा बघायचा, वळण कसं घ्यायचं, पुढच्याला वाट कशी द्यायची, मी अजून तसंच करते. फक्त थांबायचं कधी, ते तुम्ही आम्हाला ठरवू द्यायचा नाहीत."

ती गेल्यावर मी शेवटची शिकवणी रद्द केली. गाडीत जाऊन बसले, शिकणाऱ्याच्या जागेवर. किती वर्षांनी, कोणास ठाऊक. तिथून सगळं वेगळं दिसतं. रस्ता जरा जास्त रुंद वाटतो.

जागा पक्की करायची मुदत उद्या संपते.

१२ मे

सकाळी वरच्या खोलीशी गेले. किल्ली पर्समध्ये होती. दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी."

"तू? मग दार कशाला वाजवतेस?"

तिने दार उघडलं. केस विस्कटलेले, हातात दात घासायचा ब्रश. स्वतःच उठली होती. मी आज फोन केला नव्हता.

"आज जागा पक्की करून टाक," मी म्हटलं. "तिकडची."

तिच्या तोंडात फेस. "पाच झाले का मी?" म्हणजे पास.

"निकाल राखून ठेवला आहे."

"म्हणजे?"

"परीक्षकाची नेमणूक रद्द झाली. तोंड धू आधी."

तोंड न धुताच गळ्यात पडली. माझ्या खांद्यावर पांढरा डाग पडला. साडी बदलायला घरी जावं लागलं, त्यात शिकवणीला उशीर झाला. माझ्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी जहाजावरून भावाचा फोन. खरखर, लाटा, मध्येच आवाज तुटतो.

"काय ठरलं, ताई?"

"जाते आहे."

"तयारी झाली?"

"तिची झाली."

"आणि तुझी?"

लाइन तुटली. बरं झालं.

३० जून

स्टेशन. मी तिकडपर्यंत सोडायला जाणार होते, बॅगही भरली होती. मिरी म्हणाली, "प्लॅटफॉर्मपर्यंत." मी म्हटलं, "रात्रीचा प्रवास आहे." ती म्हणाली, "प्लॅटफॉर्मपर्यंत, आत्या," आणि माझी बॅग माझ्या हातातून काढून घेऊन घरीच ठेवली.

सूचना द्यायच्या नाहीत असं ठरवून गेले होते. तरी दिल्या. खिडकीतून हात बाहेर काढू नकोस. बॅगेची साखळी बाकाला लाव. अनोळखी माणसाने दिलेलं काही खाऊ नकोस. तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या म्हातारबांनी तिला बिस्किट दिलं आणि तिने ते खाल्लं, माझ्या डोळ्यांदेखत.

"आई का?" त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

"आत्या," मिरी म्हणाली. "पण तेच."

मी पाण्याची बाटली भरून आणते म्हणून नळाकडे गेले. बाटली भरलेलीच होती. परत आले तेव्हा गाडी हलायला लागली होती.

२ जुलै

वरची खोली झाडली. झाडण्यासारखं काही नव्हतं.

हॉस्टेलच्या क्लार्कचा नंबर फिरवला. पलीकडे उचलायच्या आत ठेवला.

६ जुलै

बेकरीवाल्याची सून शिकायला लागली आहे. आज मी दोन्ही पाय वर, सीटवर घेऊन बसले. ती घाबरली. "मॅडम, तुमचे पाय दुखतात का?"

"गाडी चालव."

पहिल्याच वळणावर तिने कचऱ्याच्या डब्याला गाडी घासली. माझ्या गाडीला पहिला ओरखडा, चांगला हातभर. ती रडायला लागली. मी डोळे मिटून दहापर्यंत आकडे म्हटले आणि "पुढे" एवढंच बोलले. पुढच्या वळणावर ती थांबली. स्वतः थांबली. उतरताना म्हणाली, "मॅडम, थांबल्यावर कसं पोटात शांत वाटतं नाही?"

मुख्याध्यापिकांचा फोन आला होता. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाते, असं कळवलं.

१९ जुलै

संध्याकाळी ऑफिस बंद करत होते तेव्हा फोन आला. रविवारी बोलतो आम्ही, आज रविवार नव्हता.

"आत्या." आणि मग नुसतं रडणं.

ती लहानपणीही अशी रडत नसे. माझी पहिली हालचाल काय झाली, ते लिहिते, कारण इथे तरी खरं लिहायला हवं. मी टेबलावरचं रेल्वेचं वेळापत्रक ओढलं. रात्रीची गाडी अजून मिळाली असती.

हळूहळू कळलं. डोंगरावर नेलं होतं सगळ्यांना, दगड ओळखायला. बाकीच्यांनी पटापट ओळखले. हिला हातातला एकही ओळखता आला नाही. सर म्हणाले, शाळेत काय गोळा करत होतीस, गोट्या? सगळे हसले. खोलीतली मुलगी बोलत नाही. जेवण घशाखाली उतरत नाही.

"माझं चुकलं, आत्या. तुझंच बरोबर होतं. मला नाही जमणार. मला परत यायचंय."

पुलापलीकडच्या कॉलेजात शनिवारपर्यंत जागा आहेत. मला माहीत आहे, कारण मी गेल्याच आठवड्यात विचारून आले होते. सहज, त्या बाजूला गेले होते म्हणून. शनिवारपर्यंत. "ये," एवढा एक शब्द बोलायचा होता. तो तोंडात तयारच होता. तो मी एप्रिलपासून तोंडात धरून आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

तो बोलले नाही. त्याच्या जागी दुसरं काय बोलायचं, तेही सुचेना. पुढे बसा, त्याच दिवशी विचारा, चालायला जा. माझं सगळं भाषण डोक्यातून सरकून गेलं आणि त्यातलं एक वाक्यही तिला द्यावंसं वाटलं नाही. मी शटरला टेकून उभी राहिले. रस्त्यावर दिवे लागत होते.

बराच वेळ ती रडली. मग नाक ओढलं. मग बोलायला लागली, माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं.

"त्यातला एक तर मला येत होता. घाबरले म्हणून बोलले नाही." मग थोडं थांबून, "उद्या सकाळी प्रयोगशाळा उघडी असते. तिथे सगळे नमुने ठेवलेले असतात, कपाटात." मग, "ती खोलीतली मुलगी पण आज जेवली नाही. तिलाही एक आला नव्हता. तिला विचारते, येतेस का म्हणून."

"हं," मी म्हटलं.

"आत्या?"

"ऐकतेय."

"तू काही सांगत का नाहीयेस?"

"काही नाही सांगण्यासारखं."

पलीकडे घाबरल्यासारखा आवाज. "आत्या, तुला बरं नाहीये का? ताप आहे का? कोणाला पाठवू का? दाताच्या डॉक्टरला फोन करू?"

मी हसले. मोठ्याने हसले, रस्त्यावरचा माणूस वळून बघेल इतकं. मग तीही हसायला लागली. रडता रडता हसली की तिला उचकी लागते. लागली. उचकीवर उचकी.

पाणी पी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. दात घट्ट मिटून उभी राहिले. उचक्या मोजल्या नाहीत, नुसत्या ऐकल्या. जरा वेळाने पलीकडे खुर्ची सरकली, भांड्याचा आवाज झाला, आणि उचकी थांबली.